किल्ल्याच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष

गाडीचं दार उघडलं आणि आधी वास आला. खारट, ओला, थोडा कुजकट. समुद्रशेवाळाचा. मलिंगारला राहायला गेल्यापासून या वासाला नाक पारखं झालं होतं. मलिंगार आयर्लंडच्या पोटात आहे. तिथे तळी आहेत, गाई आहेत, नवऱ्याचं हॉस्पिटल आहे, पण समुद्र नाही. चार वर्षांनी बॅलीबनियनच्या त्या हिरव्या टेकाडावर उभी राहिले आणि पहिल्यांदा पाहिलं ते किल्ला जागेवर आहे की नाही. होता. किल्ला म्हणजे तरी काय, एक उंच भिंत. बाकीचा किल्ला केव्हाच गेला, ही तेवढी मागे राहिली. आपल्याकडे एवढ्याला कोणी बुरूजही म्हणणार नाही, पण त्या गावाला तिचं भारी कौतुक.

भिंतीच्या डावीकडे एक किनारा, उजवीकडे दुसरा. माझ्या मागे गाडीतून आई, म्हणजे सासूबाई, उतरत होत्या, गुडघा धरून, एकेक पाय. अण्णा, माझे सासरे, आधीच उतरून टोपी सारखी करत होते. त्या दोन किनाऱ्यांबद्दलची एक लबाडी मी चार वर्षं पोटात घेऊन हिंडत होते आणि आज ती सांगून टाकायची, असं मलिंगारहून निघतानाच ठरवलं होतं.

ती गोष्ट दोन हजार नऊच्या उन्हाळ्यातली. उन्हाळा हा शब्द तिकडे जरा सवलतीनेच वापरायचा. आम्ही तेव्हा बॅलीबनियनजवळच्या ट्रलीत राहायचो. सुहास, माझा नवरा, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. जूनमध्ये मिरजेहून सासूसासरे आले, तीन महिन्यांसाठी. अण्णा रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घड्याळ बघितल्याशिवाय त्यांनी कधी चहाचा घोट घेतला नाही. आपण फक्त आईंना सोबत म्हणून आलोय, असं त्यांनी मला विमानतळावरच बजावून सांगितलं.

कारण अण्णा आणि सुहास एकमेकांशी बोलत नव्हते. दोन वर्षं झाली होती. का, ते सांगत बसत नाही. कारण केव्हाच शिळं झालं होतं, अबोला मात्र रोज ताजा. घरात सगळा कारभार निरोपांवर चालायचा. स्वयंपाकघराच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक, मधे मी किंवा आई. अण्णांना विचार चहा हवा का. त्याला सांग, साखर नको. दोघांमध्ये अंतर चार फुटांचं, आणि मी आपली तारबाबूसारखी इकडचं तिकडे करायची. कंटाळून एकदा मी निरोप पोचवलाच नाही, तर दोघंही चहाविना बसून राहिले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आईंच्या बॅगेत साड्यांच्या घडीत एक निळी फाइल होती. अण्णांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, छाती फाडून घेणार नाही, विषय संपला. आणि पोटचा मुलगा डॉक्टर असताना त्याला ती फाइल दाखवायची नाही, असा हुकूम. आईंनी अर्थात दुसऱ्याच दिवशी ती सुहासच्या हातात दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली आणि होती तशी घडीत ठेवली. फार थांबून चालणार नाही, असं म्हणाला. म्हणाला ते मला. ज्यांना म्हणायचं ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. सप्टेंबरात ते परत जाणार, आणि तोवर या दोघांच्या तोंडातून एकमेकांसाठी शब्द फुटला नाही तर पुढे काय, हे आम्ही तिघंही जाणून होतो. आई नुसती ती फाइल या पिशवीतून त्या पिशवीत हलवत राहायच्या.

घरात कोंडून बसण्यापेक्षा बरं म्हणून रविवारी बॅलीबनियनला जायला लागलो. पहिल्या रविवारी झिमझिम पाऊस होता. गाडी लावली तिथे गावाच्या नकाशाची पाटी होती. किल्ल्याच्या एका बाजूला लिहिलं होतं ‘लेडीज बीच’, दुसऱ्या बाजूला ‘मेन्स बीच’. आम्ही चौघांनी ती वाचली. खाली डोकावून पाहिलं तर अलीकडच्या पाण्यात रबरी टोप्या घातलेल्या दोन म्हाताऱ्या पोहत होत्या. पलीकडे एक माणूस कुत्रं फिरवत होता. बाकी चिटपाखरू नाही. म्हणजे पाटीप्रमाणेच सगळं चाललेलं.

आता कोणी म्हणेल, या जमान्यात असं कुठे असतं का? पण आम्ही देवळात बायकांची रांग वेगळी असते अशा गावातून आलेली माणसं, आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. आणि व्हिसावर राहणारा माणूस नियम जरा जास्तच पाळतो. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहतो. कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आधी दह्याचं रिकामं प्लास्टिकचं भांडं धुतो. आई म्हणाल्या, “मग बरंच की. आपण इकडं, ते दोघं तिकडं.” अण्णांनी सुहासकडे न पाहता छत्री उघडली आणि पलीकडच्या पायऱ्यांकडे चालू लागले. सुहास माझ्याकडे पाहत राहिला. मी खांदे उडवले. मग तोही गेला, वीस पावलं मागून.

परत आले तेही वीस पावलांच्या अंतरानेच.

आमच्या पायऱ्यांपाशी नोरा नावाची एक म्हातारी खिडकीतून चहा विकायची. शिवाय कागदाच्या पुड्यांत वाळवलेलं जांभळं शेवाळ आणि उकडलेल्या इवल्या समुद्रगोगलगायी, बरोबर मांस उपसायला एक टाचणी. गोगलगायीकडे आईंनी पाहिलंही नाही. शेवाळ मात्र तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि निकाल दिला की मीठ जास्त झालंय. तरी पुढे दर रविवारी पुडी घ्यायच्या. तो चामट खारेपणा, नोराच्या चहाची वाफ, तिच्या लोकरी जाकिटाचा ओला वास, सगळं अजून माझ्या जिभेला आणि नाकाला जसंच्या तसं आठवतं.

तिथेच शेवाळाच्या अंघोळीचं घर होतं. टबात समुद्राचं कढत पाणी आणि त्यात बादलीभर ताजं, बुळबुळीत, तपकिरी शेवाळ. गुडघ्यांना चांगलं म्हणून नोराने सुचवलं. आई आधी नको नको म्हणाल्या. मग परकर काखेत बांधून, लहानपणी कृष्णेवर अंघोळीला जात तशा, आत शिरल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. मी दारावर टकटक केली तर आतून गाणं ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा तुकतुकीत, केस मऊसूत. शिकेकाईने इतके होत नाहीत, म्हणाल्या. लग्नानंतर प्रथमच मी त्यांचे मोकळे केस पाहिले. कंबरेपर्यंत होते.

दुसऱ्या रविवारी कडक ऊन पडलं. आणि ऊन पडलं की आयर्लंडमध्ये कोणी घरात राहत नाही. आमच्या किनाऱ्यावर माणसांची ही गर्दी. बाया, पोरं, आणि बाप्येही. वाळूचे किल्ले करणारे बाप, पाठ लाल करून घेणारे तरणे, खुर्चीवर घोरणारे आजोबा. मी गुपचूप नोराच्या खिडकीशी गेले आणि हळू आवाजात विचारलं, की यांना कोणी हटकत नाही का. नोराला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिला इतकं हसू आलं की किटली खाली ठेवावी लागली. तो नियम तिच्या आजीच्या काळातला. तेव्हा बायका इकडे न्हायच्या, पुरुष तिकडे, आणि कड्यावरून धर्मगुरू काठी घेऊन फिरायचा, कोणी हद्द ओलांडतं का बघत. ‘युअर मॅन’, म्हणजे तो धर्मगुरू, मरूनसुद्धा जमाना झाला, ती म्हणाली. नावं तेवढी उरलीत.

मी मागे वळून पाहिलं. किल्ल्याच्या पलीकडे, मला न दिसणाऱ्या वाळूवर, दोन माणसं बसली होती आणि निरोप पोचवायला तिथे कोणीही नव्हतं. पाणी हवं तरी एकमेकांनाच मागावं लागणार होतं. मी नोराला म्हटलं, कृपा करून आमच्यात कोणाला सांगू नकोस. का, तेही दोन वाक्यांत सांगितलं. नोराने डोळे बारीक करून ऐकून घेतलं. “ग्रँड,” म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली, आणि चहाचे पैसे त्या दिवशी घेतले नाहीत.

खोटं बोलावं लागलं ते आईंशी. त्यांनी एका बाप्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कसा काय इकडं? मी म्हटलं, लाइफगार्ड आहे. थोड्या वेळाने दुसरा. तोही लाइफगार्ड. मग ते खुर्चीवरचे आजोबा. तेसुद्धा, मी म्हटलं, निवृत्त लाइफगार्ड. आई संत्रं सोलत म्हणाल्या, “बायका फार बुडत असतील नाही इथं?” मी हो म्हटलं.

असे रविवार गेले. सुहासला ड्यूटी असायची तो रविवार फुकट जायचा, बाकीचे बॅलीबनियनचे. पलीकडच्या किनाऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, म्हणून मी खुणा गोळा करायची. एका रविवारी अण्णांच्या अंगात सुहासचं जाकीट होतं. एका रविवारी दोघांच्याही विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या. वीस पावलांची दहा झाली. घरी मात्र पुन्हा तेच, त्याला सांग साखर नको. काय बोलता, म्हणून मी सुहासला खोदून खोदून विचारलं, तर म्हणाला काही नाही, गाड्यांबद्दल.

गाड्यांना कारण होतं. शेजारच्या लिस्टोल गावातून बॅलीबनियनला पूर्वी एकाच रुळावरून धावणारी आगगाडी यायची. रूळ माणसाच्या कंबरेइतका उंच, आणि डबे त्याच्या दोन्ही अंगांना खोगिरावरच्या झोळ्यांसारखे लोंबते. ती गाडी केव्हाच बंद पडली, पण लिस्टोलला हौशी लोकांनी तिची नक्कल करून थोड्या अंतरापुरती चालवली होती. अण्णांनी ती पहिल्याच रविवारी परतताना पाहिली आणि त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं. तिथल्या माणसाने सांगितलं, की दोन्ही बाजूंना वजन सारखं लागायचं, नाहीतर गाडी हलायची नाही. गार्ड उतारूंना उठवून या बाजूचे त्या बाजूला बसवायचा. एकदा म्हणे एका बाईचा पियानो न्यायचा होता, तर दुसऱ्या बाजूला गाय चढवली. मग गाय परत आणायची तर समोर दोन वासरं. आणि वासरं परत आणताना एक इकडे, एक तिकडे. अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तो खरा गार्ड, म्हणाले, आमचं काय, आम्ही नुसती झेंडी दाखवायचो.

कड्यावरच्या पायवाटेवर एक खोल विवर आहे, खाली समुद्र घुमतो. नोराने त्याची कथा सांगितली होती. एका सरदाराच्या नऊ मुली परक्यांबरोबर पळून जाणार होत्या, म्हणून बापाने नऊच्या नऊ त्यात लोटल्या. मी ती चालता चालता सगळ्यांना मराठीत सांगितली. आई कठड्याला धरून खाली बघत म्हणाल्या, “रागापायी बाप कुठवर जातो बघा.” अण्णा पुढे निघून गेले आणि पुढच्या वळणावर आम्ही येईस्तोवर थांबले.

घरी निघायच्या आधी चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी. इटालियन माणसाचं दुकान होतं, तेलाचा आणि व्हिनेगरचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत यायचा. भिंतीवर एका इटालियन समुद्रकिनाऱ्याचं चित्र होतं, रंगीत छत्र्या, गुलाबी घरं, उन्हाने फिकटलेलं. हे तुमचं गाव का, मी एकदा विचारलं. नाही, तो म्हणाला, आमचं गाव डोंगरात, आजोबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इथे आल्यावर. चित्र कॅलेंडरवर आलं होतं, बरं वाटलं, लावलं. आम्ही चौघं त्या छत्र्यांखाली बसून गरम चिप्स फुंकून फुंकून खायचो. अण्णांनी आपल्यापुढचं मीठ न बोलता सुहासकडे सरकवलेलं मी तिथेच पाहिलं. माझा घास तोंडातच राहिला.

ऑगस्ट सरत आला होता. वाऱ्याला धार आली होती आणि किनाऱ्यावर पुन्हा त्या दोन टोपीवाल्या म्हाताऱ्याच उरल्या होत्या. आम्ही नोराच्या खिडकीशी उभ्या होतो, तेवढ्यात अण्णा आमच्या पायऱ्या उतरून आले. बायकांच्या किनाऱ्यावर, पहिल्यांदाच. सुहास वर भिंतीपाशी थांबला होता. अण्णांनी आईंपुढे हात केला.

“ती फाइल दे.”

आईंनी पिशवीतून निळी फाइल काढली. संत्र्याच्या सालींचा तिला वास लागला होता. अण्णा ती घेऊन पायऱ्या चढून गेले. वर त्या भिंतीच्या आडोशाला दोघं खाली बसले, सुहास कागदावर बोट ठेवून काही सांगत होता, आणि कागद उडू नयेत म्हणून अण्णांनी दोन्ही तळहातांनी ते दाबून धरले होते. आई वाळूत बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. नोराने न मागता दोन कप चहा आणून ठेवला.

ऑपरेशन त्याच हिवाळ्यात मिरजेत झालं. सुहास गेला होता. मी ट्रलीत फोन मांडीवर घेऊन बसले होते, बाहेर बर्फ आणि घरात मी एकटी. फोन वाजला. सुहास म्हणाला, झालं, नीट झालं, शुद्धीवर येऊन त्यांनी आधी वेळ विचारली. मी रडले आणि मग त्याच रडण्यात हसले. इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही क्वचितच.

आणि आता चार वर्षांनी अण्णा माझ्यापुढे उभे होते, टोपी घातलेले, शर्टाच्या वरच्या बटणाशी व्रणाचं टोक दिसत होतं. ऊन असं की सगळं गाव पाण्यात. नोराची खिडकी बंद होती. चिप्सवाला म्हणाला, कॉर्कला लेकीकडे गेली, मजेत आहे. त्याच्याही भिंतीवरचं चित्र नव्हतं, रंग देताना काढलं ते गेलंच कुठेतरी. मला त्या छत्र्यांची उगीच हुरहूर लागली. चिप्स घेऊन आम्ही चौघं किल्ल्याच्या भिंतीखाली गवतावर बसलो, दोन्ही किनारे दिसतील असे. दोन्हीकडे बाया, बाप्ये, पोरं, सगळी सरमिसळ. आता यापुढे लपवण्यात अर्थ नव्हता.

मी म्हटलं, “अण्णा, एक सांगायचंय. या किनाऱ्यांचा तसा काही नियम नव्हता. मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

आई संत्रं सोलत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. सुहास समुद्राकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता. अण्णांनी एक चिप फुंकली, खाल्ली, बोटं पुसली.

“तुमच्या बाजूला पुरुष होते ना त्या दिवशी?”

“होते.”

“मग आमच्या बाजूला बायका नसतील होय?”

चार वर्षं. चार वर्षांत इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. लाइफगार्डसुद्धा आठवले, एकजात सगळे. मी आईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, त्या निवृत्त आजोबांच्या वेळी फार जड गेलं गं हसू दाबायला.

अण्णा सांगत होते. त्या दिवशी पायऱ्या उतरतात तो समोर बायकापोरांची जत्रा. सुहास ते पाहून मागे वळला, आम्हाला सांगायला निघाला. चला, सगळे एकत्रच बसू.

“मी म्हटलं, राहू दे. जाऊ नकोस. दोन माणसं तिकडं, दोन इकडं, वजन सारखं झालंय, बस.” अण्णांनी चिप्सचा कागद नीट चौकोनी घडी करून खिशात घातला. “दोन वर्षांत त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.”

मग घरी का नाही बोललात, मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच, कारण मी किती चहा इकडून तिकडे पोचवले होते ते माझं मला ठाऊक. अण्णा म्हणाले, तुमच्या देखत सुरुवात करायची लाज वाटायची. इतकं म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि सुहासला चल म्हणाले. सुहासने थर्मास घेतला. दोघं पलीकडच्या पायऱ्यांनी उतरायला लागले, शेजारी शेजारी, अण्णांचा हात त्याच्या खांद्यावर. पायऱ्या उंच आहेत म्हणून असेल.

मी उठले. म्हटलं, आई, चला की आपणही जाऊ त्यांच्याबरोबर, आता कसला नियम.

आईंनी माझ्या हातात अर्धं संत्रं दिलं आणि पदर खोचला. “बस गं. आपली बाजू इकडं.”

आम्ही आमच्या पायऱ्या उतरलो. पाणी थंड होतं.